एक बटण खाली

तलाठ्याने विचारलं, पाणी किती होतं?
म्हटलं, छातीला.
त्याचं पेन थांबलं. कुणाच्या छातीला?
परभणीकडचा होता, नुकता बदलून आलेला.
शेजारचे क्षेमकल्याणी काका ओट्यावरून ओरडले,
अहो, दुतोंड्याच्या!

आमच्याकडे फूट-इंच पावसाळा संपल्यावर.
मारुतीच्या गुडघ्याला लागलं, म्हणजे चहा पिऊन घ्या.
कमरेला, म्हणजे गाद्या वर.
छातीला,
म्हणजे आमच्या गॅसच्या ओट्यावर चार बोटं.

तीन दिवस गाळ काढला.
डिझेल, झेंडू, भिजलेली हळद, सगळ्याचा मिळून एक वास,
तो अजून माझ्या एका स्वेटरला आहे.
भांडी बाजारातून एक झाकण आलं होतं वाहत,
नवंकोरं, किमतीच्या स्टिकरसकट.
आमच्या एकाही पातेल्याला बसत नाही.
ठेवलंय.

मग भिशीचा नंबर दोन महिने आधी मागून घेतला.
ह्यांनी पीएफमधून उचल केली.
प्लायवूड पुरीसारखं फुगलं होतं, तेव्हा लाकूड नकोच,
कडाप्पा लावा, म्हटलं, सगळीकडे कडाप्पा.
काळू भोये, सुरगाण्याचा गवंडी,
थापीच्या दांड्याने भिंत वाजवत फिरला
डॉक्टर पाठ वाजवतो तसा.
हे बोदं. हेही बोदं. हे राहील.
विटेपर्यंत खरवडलं, म्हणाला आता सुकू द्या.
किती?
भिंत सांगेल.
भिंत काही बोलली नाही. दसरा जवळ आला.

वडाळ्याचा रिझवान वायरिंगला.
बोर्ड कुठे घेऊ, भाभी?
खांद्याला घे. दुतोंड्याच्या.
त्याने टेप काढलाच नाही,
हात वर केला, पेन्सिलने खूण केली, झालं.

मग सगळंच वर गेलं.
फ्रिज सिमेंटच्या चौथऱ्यावर, अंडी माझ्या डोळ्यांसमोर.
खरेदीखत माळ्यावर, ह्यांची मार्कशीट माळ्यावर.
जमीन दीड फूट उचलली, चौकट होती तेवढीच राहिली,
आणि ह्यांनी आठवड्यात तीनदा कपाळ आपटून घेतलं.
आल्या-गेल्याला सांगतात,
आता घरी येताना वाकावं लागतं.
हसतात. मलम मी लावते.

रंग झाला. फिकट पिस्ता.
कुठे होती ती रेघ, कुणाला दाखवता येऊ नये, इतका.

परवा कणीक मळत होते.
जुई डबा उलटा करून त्यावर उभी,
त्यावर आणखी एक डबा.
उतर, म्हटलं. काय हवंय?
पंखा.
हाक मारायचीस ना मला.
ती भिंतीकडे बघत, अगदी सहज,
पाणी आलं ना आई, की मी वर येईन.
मग पुरेल हात.

परातीत माझे हात तसेच.

संध्याकाळी रिझवानला फोन.
एक बटण खाली हवंय. तिच्या गादीपाशी.
भाभी, ते पाण्यात जाईल.
जाऊ दे.
तो थोडा वेळ गप्प.
मग वेगळा एमसीबी टाकतो. भोंगा वाजला की आधी तो पाडायचा.
बरं.
काळूला राग आला, ताज्या भिंतीला छिन्नी लावली म्हणून.
पिस्ता रंगाचा डबा संपलेला,
दुसरा आणला तो जरा गडद निघाला.
आता सहा वर्षांच्या खांद्याला
एक चौकोन दिसतो, वेगळा.

जुईने दिवा लावला.
विझवला.
लावला.
हे सेकंड शिफ्टला गेलेले, दाराशी वाकून.
झोप आता, म्हटलं, आणि पुन्हा तेच, टक्, टक्,
तरी ओरडले नाही.

बाहेर पाऊस नव्हताच म्हणा.
पण आज मी धरणाचा आकडा
बघितला नाही.